नाव नसलेली प्रत

धुकं इतकं दाट पडलं होतं की खालच्या टायरच्या दुकानाची पाटी तेवढी वर दिसत होती, दुकान दिसत नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरच्या कचेरीत सेटिंगबाई नेहमीसारखी सगळ्यांच्या आधी पोचली. यंत्रखोलीचं दार उघडलं, आतला गारठा अंगावर घेतला, शाल कानावरून ओढली आणि आदल्या दिवशीची यादी काढून बसली. कुठली प्रत कुणाला गेली, कुणी उघडली, कुणी उघडलीच नाही आणि तरी ‘पाहिला, झकास आहे’ म्हणून कळवलं. असले न पाहता वाहवा करणारे दर यादीत दोन-तीन सापडायचेच. त्यांच्याकडे बघून ती रोज सकाळी एकदा हसायची.

कचेरी सिनेमाचं मागचं काम करणारी. चित्रीकरण झालं की संकलन, आवाज, रंग हे सगळं इथं व्हायचं. सिनेमा पुरा होण्याआधी त्याच्या कच्च्या प्रती दिग्दर्शकाला, गाणी बांधणाऱ्याला, पैसे घालणाऱ्यांना, वितरकांना पाठवाव्या लागत. त्या पाठवायचं सॉफ्टवेअर हिनं बांधलेलं. ज्याला जी प्रत गेली त्याचं नाव तिच्या चित्रावर फिकट अक्षरांत आडवं उमटायचं. उद्या प्रत फुटली, तर ती कुणाच्या हातून फुटली हे आंधळ्यालाही दिसावं.

त्याआधी नऊ वर्षं ती व्हिडिओ गेमच्या एका कंपनीत होती. बाकीचे तिथं राक्षस, गाड्या आणि बंदुका बनवायचे, हिच्याकडे सेटिंगचं पान. आवाज किती, उजेड किती, शत्रू किती चिवट, अक्षरं केवढी, डावखुऱ्याला बटणं कुठं. नाव तिथंच पडलं आणि इथंही पाठोपाठ आलं. तू नेमकं करतेस तरी काय, असं सासूबाईंनी एकदा विचारलं होतं. बटणं कुठं असावीत ते मी ठरवते, असं हिनं सांगितलं. त्यावर म्हातारी म्हणाली होती, “मग आपल्या न्हाणीघराचं बटण दाराच्या मागं ज्यानं बसवलं, त्याला एकदा गाठ बाई.”

नव्यानं कामाला लागलेल्यांना ती पहिल्याच दिवशी एक गोष्ट सांगायची. लोक सेटिंग बदलत नाहीत. शंभरातले पंचाण्णव ते पान उघडतसुद्धा नाहीत. जे आयतं पुढ्यात आलं त्यातच माणूस जन्म काढतो. तेव्हा आयतं जे द्यायचं ते सांभाळून द्यावं, आणि तपासणीसाठी काही बंद केलंच तर ते आपलं आपण चालू होईल अशी सोय आधी करावी, कारण माणूस विसरतो. हे ती इतक्या वेळा बोलली होती की पोरं तिच्या माघारी तिच्याच आवाजात ते म्हणून दाखवायची.

त्या धुक्याच्या सकाळी दहाच्या आत बातमी आली. तीन दिवसांनी झळकणारा मोठा सिनेमा, ज्याच्यावर कचेरीची दोन वर्षं गेली होती, तो फुटला होता. येताना बसमध्ये शेजारचा माणूस फोनवर जे बघत होता ते तेच होतं, असं आवाजवाल्यानं घाम पुसत सांगितलं. थंडीत घाम. सगळे एका पडद्याभोवती गोळा झाले. कच्ची प्रत होती, शेवटच्या मारामारीत अजून आवाज भरलेला नव्हता. आणि चित्रावर नाव नव्हतं. कुणाचंच.

दुपारी निर्मात्याची माणसं आली, बरोबर चोरट्या प्रतींचा तपास करणारा एक अधिकारी. अधिकारी शांत होता, नखं साफ ठेवणारा, वहीत बारीक लिहिणारा. त्यानं सेटिंगबाईला एकच गोष्ट विचारली. तुमच्या व्यवस्थेतून बिननावाची प्रत बाहेर जाऊ शकते का?

“नाही,” ती म्हणाली.

तिला तसं वाटतही होतं. त्या ‘नाही’त नऊ वर्षांचा आणि वर इथल्या तीन वर्षांचा ताठा होता.

मग पुढचा हिशेब सरळ झाला. व्यवस्थेतून गेलेल्या प्रत्येक प्रतीवर नाव असतं. फुटलेल्या प्रतीवर नाव नाही. म्हणजे ती व्यवस्थेतून गेलीच नाही, थेट यंत्रावरून उचलली. पुरा सिनेमा ज्या यंत्रावर होता ते रंगाच्या खोलीत, आणि त्या खोलीची किल्ली रंगारीकाकांकडे.

रंगारीकाका सिनेमाचे रंग जुळवायचे. वय अठ्ठावन्न, पाठीला पोक, डोळे घारीचे. एका दृश्यात संध्याकाळ आणि पुढच्यात दुपार वाटत असली तर ती सांधणारा माणूस. सेटिंगबाई नवी होती तेव्हा अंधारात काळ्याचे किती प्रकार असतात हे त्यांनीच तिला एका खुर्चीवर बसवून दाखवलं होतं. त्यांची एक जुनी खोड होती. महागड्या पडद्यावर काम झालं की त्यातले दोन-चार प्रसंग ते घरी नेत आणि घरच्या जुन्या टीव्हीवर लावून बघत. राजाच्या आरशात कुणीही गोरा दिसतो, लोक बघणार ते फुटक्या आरशात, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या पिढीचे सगळे रंगारी हेच करत आले होते. नियमाला ते धरून नव्हतं, पण कुणी कधी हटकलंही नव्हतं.

अधिकाऱ्यानं विचारलं, या सिनेमातलं काही घरी नेलं होतं का. काकांनी सांगितलं, नेलं होतं की, दोनदा. एवढंच लागत होतं. काकांनी खोलीतल्या सगळ्यांच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघितलं. “चोर असतो तर सांगितलं असतं का हो?” ते म्हणाले. जाताना ते चष्मा टेबलावर विसरले आणि तो घ्यायला त्यांनी परत यायची परवानगी मागितली, त्यांच्याच खोलीत.

सगळे गेल्यावर सेटिंगबाईनं सहज म्हणून नोंदवही उघडली. व्यवस्थेत कुणी, कधी, काय बदललं ते सगळं तिच्यात आपोआप टिपलं जायचं. मागं जात जात ती पाच आठवड्यांवर आली आणि तिचा हात थांबला.

नाव उमटवणं बंद. बदल करणारी, ती स्वतः. आणि अकरा दिवसांनी, नाव उमटवणं चालू. ते तिनं केलेलं नव्हतं. त्या दिवशी व्यवस्थेची नवी आवृत्ती चढवली होती, तिच्याबरोबर ते आपोआप मूळपदावर आलं होतं. म्हणून तर कुणाला पत्ता लागला नाही.

तिला तो दिवस आठवला. गाणी बांधणारा फोनवर कावला होता, नटाच्या ओठांवरून अक्षरं जातात, शब्द कसे जुळवू? मालक दारात उभा राहून म्हणाला होता, तासाभरापुरतं काढा हो ते. एका प्रतीपुरतं काढायला चार पायऱ्या होत्या, सगळ्यांचं काढायला एक. तिनं एक केली. आणि तेवढ्यात घरून फोन आला, सासूबाई न्हाणीघरात घसरल्या. ती पर्स उचलून धावली. पुढचे अकरा दिवस दवाखाना आणि कचेरी, कचेरी आणि दवाखाना. त्या अकरा दिवसांत चौदा प्रती बिननावाच्या गेल्या. चौदांपैकी एकानंही कळवलं नाही की आमचं नाव दिसत नाही. कटकट गेली म्हणून तक्रार कोण करतो?

तपासणीसाठी बंद केलेलं आपलं आपण चालू झालं पाहिजे. तिनं नोंदवही मिटली. उद्या सांगू, असं मनाशी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी काकांना चौकशीसाठी नेलं. ते सहा दिवस आत होते. तिसऱ्या दिवशी सिनेमा झळकला आणि धो धो चालला. ज्यांनी फोनवर फुकट पाहिला होता तेही तिकीट काढून गेले, मारामारीला आवाज कसा आहे ते ऐकायला. पहिल्या आठवड्याचे आकडे छापून आले, दुसऱ्याचे त्याहून मोठ्या अक्षरांत. इतका चालला की फुटल्यानं नुकसान काय झालं हे निर्मात्याला सुद्धा सांगता आलं नसतं. काका सुटून आले, पण तक्रार तशीच राहिली आणि कामाचा दरवाजा बंद झाला. नुसता या कचेरीचा नव्हे. या धंद्यात ‘प्रत फोडली’ म्हटलं की दुसऱ्या कुठल्या दारात उभं करत नाहीत.

आणि सेटिंगबाईचा उद्या काही येईना. नवरा दूर धरणाच्या कामावर, वर्षातून दोनदा येणारा. सासूबाईंचं खुब्याचं हाड अजून जुळत होतं. नोकरी गेली तर या वयात बटणं ठरवायला कोण बोलावतं, असं ती स्वतःला समजावायची, आणि समजावणं रोज थोडं सोपं जायचं. जेवताना घास तोंडात फिरायचा तेवढा फक्त. म्हाताऱ्या बाईनं ओळखलं. “कुणाचं काय बुडवलंयस का?” एकदा तिनं सरळ विचारलं. नाही, ही म्हणाली. ते दुसरं ‘नाही’ होतं आणि ते काही तिला खरं वाटत नव्हतं.

प्रत फुटल्याच्या एकोणिसाव्या दिवशी, सिनेमा चालला म्हणून, कचेरीत केक आला. मालकानं कापला, टाळ्या झाल्या. संकलनवाल्यानं तोंडात तुकडा असतानाच म्हटलं की खरं तर पहिला तुकडा रंगारीकाकांना पाठवायला हवा, फुकटात एवढी जाहिरात कोण करतं? सगळे खो खो हसले. सेटिंगबाईही हसली. हसताना तिला स्वतःचा आवाज ऐकू आला, आणि हातातला केक तिनं बशीसकट खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला.

ती मालकाच्या खोलीत गेली आणि उभ्याउभ्या सगळं सांगितलं. मालकानं पूर्ण ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता, बावीस जणांचे पगार वेळेवर करणारा होता. सगळं झाल्यावर त्यानं ते चौदा जण कोण ते विचारलं. तिनं नावं सांगितली. त्यात निर्मात्याचा जावई होता, दोन मोठे वितरक होते. मालक हसला, पण ओठांनीच. म्हणाला, यातल्या कुणाच्या दारात जाऊन विचारायचं ते तुम्हीच सांगा. पुढचे दोन सिनेमे याच लोकांचे आहेत. काकांचं वय झालं होतं, आज ना उद्या घरी बसणारच होते, आपण त्यांना काहीतरी देऊ. मग त्यानं पेपरवेट फिरवत विचारलं, “ती नोंद किती दिवस राहते?”

“नव्वद.”

“एवढी कशाला? जागा खाते. तीस करून टाका.”

पूस, असं तो म्हणाला नाही. म्हणायची गरज नव्हती.

ती जागेवर आली. ते पान तिनंच बनवलेलं, साधं, स्वच्छ. नव्वदच्या जागी तिनं तीस लिहिलं. पडद्यावर चौकट उघडली, जुन्या नोंदी कायमच्या जातील, नक्की का? हे वाक्य कसं असावं यावर तिनं कधी काळी दोन दिवस घालवले होते. डावीकडे ‘नको’, उजवीकडे ‘हो’, आणि बोट आपोआप जाईल ते ‘नको’वर, अशी तिची रचना. तिनं बराच वेळ त्या दोन शब्दांकडे बघितलं. मग ‘नको’ दाबलं, त्या अकरा दिवसांची पानं छापली, चार निघाली, घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि कुणालाही न सांगता जिना उतरली.

आधी ती अधिकाऱ्याकडे गेली. त्यानं जबाब लिहून घेतला, सही घेतली आणि मान वर न करता विचारलं की हे कळलं कधी. तिनं खरी तारीख सांगितली. तीही त्यानं बारीक अक्षरांत लिहिली.

रंगारीकाकांचं घर दुसऱ्या मजल्यावर. दार त्यांच्या बायकोनं उघडलं. या, बसा, काहीच म्हणाली नाही, नुसती बाजूला झाली. काका खिडकीपाशी बसले होते. कोपऱ्यातला टीव्ही बंद होता, त्यावर धुतलेला टॉवेल वाळत घातला होता. तिनं पानं पुढं केली आणि सांगितलं. ते सावकाश वाचत राहिले, चारही पानं, बोट ओळीखाली फिरवत.

“तू नाही म्हणालीस तेव्हा तुला माहीत होतं?”

“नव्हतं, काका.”

“कळलं केव्हा?”

“त्याच दिवशी. संध्याकाळी.”

काकांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलत होते, दिवस मोजत असावेत. मोजून झाल्यावर त्यांनी पानांची घडी होती तशीच घातली आणि मांडीखाली ठेवली.

“मला वाटायचं, या कचेरीत एक तरी माणूस मनातल्या मनात म्हणत असेल, हा म्हातारा असं करणार नाही,” ते म्हणाले. “तू तर म्हणत नव्हतीस, तुला माहीतच होतं. आणि तरी मी आत होतो.”

तिनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. काकांनी हात वर केला, मारायला नव्हे, पुरे म्हणायला.

“कागद आणलेस ते बरं केलंस. पोराला दाखवीन, तो फोन उचलत नाही आजकाल. जा तू आता.”

आतून त्यांच्या बायकोनं पाण्याचा तांब्या उचलल्याचा आवाज आला, पण ती बाहेर आली नाही. सेटिंगबाई उठली, चपला घातल्या. दार तिचं तिनंच ओढून घेतलं.

घरी पोचेपर्यंत मालकाचे सहा फोन येऊन गेले होते. सातवा ती जिन्यात असताना आला. तिनं तो घेतला, ऐकला आणि बरं म्हणाली. उद्यापासून येऊ नका, किल्ल्या पाठवून द्या, एवढंच त्यात होतं.

सासूबाई पलंगावर बसून होत्या, काठी मांडीवर आडवी. त्यांनी सुनेच्या तोंडाकडे एकदा पाहिलं. मग एवढंच म्हणाल्या, “मोरीतला नळ सकाळपासून गळतोय. बादली भरून वाहायला लागली.”

तिनं पर्स खुंटीला अडकवली. कपाटाच्या खणातून पाना आणि रबरी वॉशर शोधून काढलं, पदर खोचला, आणि आधी मोरीबाहेरचा मोठा व्हॉल्व्ह बंद करायला गुडघ्यावर बसली.