टेकलेली लिंबं

आत्याचा दिवस लिंबांच्या माठात नाक घालून सुरू व्हायचा. चूल पेटवायच्या आधी ती माठावरचं फडकं उचलायची, डोळे मिटून वास घ्यायची आणि म्हणायची, "आत कुणीतरी बिघडलंय." मग माझे हात कोपरापर्यंत भाताच्या तुसात.

आई लवकर गेली, त्यामुळे मी वडिलांच्या या थोरल्या बहिणीकडेच वाढले. मळवली स्टेशनवरून लेण्यांकडे जाणाऱ्या वाटेवर तिची लिंबूसरबताची गाडी होती. आमच्याकडच्या दमट हवेत लिंबं लगेच बुरशी धरतात. म्हणून ती एकेक लिंबू पुसून, कोरड्या तुसात, एकमेकांना लागणार नाही असं ठेवायची. तरी एखादं सरकून दुसऱ्याला टेकायचंच. देठापाशी अंगठा दाबल्यावर साल आत गेली की ते लिंबू गेलं. हिरवट भुकटी दिसली तर फुंकरसुद्धा घालू द्यायची नाही. "फुकू नगं, समद्यांस्नी लागंल."

नासलेलं लिंबू खड्ड्यात जायचं. त्याला टेकलेली मात्र ती धुऊन, वाऱ्यावर सुकवून, पुन्हा हुंगून वेगळ्या टोपलीत ठेवायची आणि गाडीवर आधी तीच कापायची. एकदा पुण्याच्या एका बाईंनी विचारलं, "मावशी, लिंबं चांगली आहेत ना?" आत्या म्हणाली, "ताई, तुमी सकाळी आंगूळ केली का ठाव न्हाई, ह्यांनी केलीया." बाईंनी हसत दुसरा ग्लास मागितला.

मी बारावीत असताना वडील पकडले गेले. ज्या बंगल्याची राखण करायचे, तिथलेच पितळी नळ काढून त्यांनी विकले होते. आळ खोटा नव्हता. त्यांना शिक्षा झाली.

माझा निकाल लागल्यावर धाकटे चुलते आले. आत्या ओट्यावर लिंबं पुसत होती.

"आक्का, चोराच्या पोरीला कालेजात घालून काय करायचं? स्थळ आलंय. उरकून टाकू."

मी दारात उभी होते. आत्याचा हात थांबला नाही.

"मी त्याची सख्खी भन. तू सख्खा भाऊ. मग आपल्या दोघांस्नी बी खड्ड्यात टाकायचं व्हय?"

"इशय पोरीचा हाय."

"तिचंच बोलतीया. टेकलं म्हंजी नासलं न्हाई. ती तळेगावला शिकाया जाणार. तू सरबत पिऊन जा."

चुलत्यांनी सरबत तळापर्यंत संपवलं.

मी पदवीधर झाले, आमच्या घरातली पहिली. नोकरी लागली, तळेगावातच घर झालं. गेल्या वर्षी आत्या गेली. तिचा माठ आता माझ्या स्वयंपाकघरात आहे, आणि सुटून आलेले वडील माझ्याजवळ राहतात.

परवा सकाळी फडकं उचललं तर वास आला. वडिलांनी तुसात हात घालून मऊ पडलेलं लिंबू बाहेर काढलं. त्याला टेकलेलं एक हातात धरून त्यांनी विचारलं, "हे बी टाकू?"

"नको," मी म्हणाले. "ते धुवा आणि पुसून ठेवा."

त्यांनी ते नळाखाली धुतलं आणि पंच्याने पुसायला घेतलं. लिंबू केव्हाच कोरडं झालं होतं, तरी ते पुसतच राहिले.