डबीतली सरकी

विलायतेतून कापसाला भलतीच मागणी आली, त्या काळात मी अकोल्याच्या बाजारात एका गोऱ्या व्यापाऱ्याचा दुभाषी होतो. हिवरखेडकडचा एक म्हातारा कास्तकार दर आठवड्याला येई. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. बसला की तो तंबाखूची रिकामी डबी पुढे ठेवी, तिच्यात एक सरकी टाकी आणि विचारी, "इंग्रजीत हे कसं?"

"इन द बॉक्स."

मग सरकी डबीवर जाई, डबीखाली जाई. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. माझं उत्तर बदलतं का, ते तो डोळे बारीक करून पाही.

"मुनशीजी, तुमच्या साहेबाच्या बोलीत आत-बाहेर आधी येते अन् डबी मागून. मानूस फसतेच!"

सौद्याच्या दिवशी मी करार वाचला. त्यात लिहिलं होतं, कापूस म्हाताऱ्यानं मुंबईच्या वखारीत पोचवायचा. 'अकोल्यातच घेऊ म्हणून सांग,' असं साहेबानं मला बजावलं होतं. मी तसंच सांगितलं.

म्हाताऱ्यानं डबी सरकवली. "तोंडावर माहा भरोसा नाई. आमचा सौदा रुमालाखाली बोटानं होते. ही डबी म्हंजे अकोला. कापूस कुठी द्याचा, तिथं सरकी ठेव."

मी उजव्या हातानं सरकी डबीत ठेवली. त्यानं लगेच करारावर अंगठा उठवला.

पंधरा दिवसांनी, करारापायी मुंबईच्या वाटेला लावाव्या लागलेल्या आपल्या कापसाच्या गाड्या थांबवून तो माझ्याकडे आला. शिव्या देईल, असं वाटलं. त्यानं फक्त माझा उजवा हात धरला, उलटासुलटा करून पाहिला आणि सोडून दिला.