ऑपरेशनआधीची आंघोळ

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. त्यामुळे आक्का जवळच्या गोरेगावहून आपल्या दोन वर्षांच्या लेकराला हर्नियाच्या ऑपरेशनसाठी हिंगोलीला घेऊन आली, तेव्हा दवाखान्यातलं सगळं मला कळतं असं ती धरून चालली. मीही तसंच धरून चालले, हे लिहिताना अजून लाज वाटते.

आरोग्यशास्त्राच्या पुस्तकात स्वच्छतेवर एक धडा होता. तेवढ्या भांडवलावर मी पौषातल्या सकाळी लेकराला दवाखान्याच्या हौदापाशी नेलं आणि साबण लावून डोक्यावरून आंघोळ घातली. "काकडून राहिलं ना गं ते," आक्का म्हणाली. मी तिला जंतू म्हणजे काय ते समजावलं.

थिएटरच्या दारात सिस्टरने त्याचे गार पाय हातात धरले. "आंघोळ कुणी घातली?"

मी थोड्या अभिमानाने पुढे झाले.

"कॉलेजात जाता व्हय?"

"हो."

"वाटलंच. मायच्या हाती ठेवलं असतं तर गोधडीत गुंडाळून आणलं असतं तिनं. भुलीत लहान लेकराची ऊब भर्रकन जाते, श्वास मंद होतो. पुस्तकात न्हाई का हे?"

नव्हतं.

आत भुलीच्या ईथरचा वास कोंडू नये म्हणून खिडक्या सताड उघड्या होत्या. डॉक्टरांच्या कोटाखाली मात्र पूर्ण बाह्यांचा स्वेटर. "आणा पेशंट," ते म्हणाले. "पंधरा मिनिटांचं काम, त्याला काय थंडी वाजतेय!"

"बराबर हाय साहेब. तवर तुमी चहा घ्या," सिस्टर म्हणाली.

साहेबांनी दोन कप घेतले. तेवढ्यात सिस्टरने एक सोडून सगळ्या खिडक्या लावल्या, लेकराचे केस कोरडे केले, हातापायांना कापसाचे जाड थर बांधले. सलाइनच्या रिकाम्या बाटल्यांत कोमट पाणी भरलं, त्या फडक्यात गुंडाळल्या, एकेक स्वतःच्या गालाला लावून पाहिली आणि मगच त्याच्या दोन्ही बाजूंना ठेवली. दार लागलं.

"थंडीनं काई व्हईल का गं त्याला?" आक्काने विचारलं. मी दाराला कान लावला.

बऱ्याच वेळाने डॉक्टर बाहेर आले, मागोमाग लेकराला स्ट्रेचरवर आणलं. "झकास झालं. बघा कसं गुलाबी आहे पोरगं! हातगुण आहे आमचा." मी हात जोडले. सिस्टर मागे बाटल्या रिकाम्या करत होती.

आक्काने डॉक्टरांकडे पाहिलंच नाही. तिने कापसाखाली हात घालून लेकराचे पाय चाचपले आणि मोठा श्वास सोडला. मीही हात पुढे केला.

"तू नको लावू," ती म्हणाली. "हात थंड हायेत तुझे."