यमूबाई, सोडू का होडी?

दादाला जाऊन महिना झाला. कल्याणच्या खाडीवर त्याची होडी आता मी चालवतो, आणि जो तो उतरताना त्याचा एक किस्सा माझ्या हातावर ठेवून जातो. मी दोन इयत्ता शिकलेला. सगळे डोक्यात राहत नाहीत, म्हणून जमतील तसे लिहितोय.

*

वहिनी बाळंतपणातच गेली, त्यामुळे दादाची लेक यमू होडीतच वाढली. ती पाच वर्षांची झाली तेव्हापासून माणसं भरली की दादा तिला विचारायचा, "यमूबाई, सोडू का होडी?" ती हो म्हणाली की मगच वल्हं पाण्यात.

आमचे वडील, आबा, काठावरून म्हणायचे, "पोरीला बाई म्हणतोस, उद्या सासूबाई म्हणशील."

"ती मला अहो बाबा म्हणते, आबा. फिट्टंफाट."

*

एकदा तिने बांधलेली गाठ सुटली आणि रिकामी होडी वाहत निघाली. मी पोहत जाऊन आणली. आबा दोरखंड घेऊन यमूवर धावले. दादा मध्ये आला. "गाठ मी शिकवली होती. मला मारा."

आबांनी खरंच मारलं. पाठीवर हा एवढा वळ.

यमू पुढे आली. "आबा, मारून झालं असेल तर आता तुम्ही शिकवा. बाबांना येत नाही."

*

दादा काही देव नव्हता. एकदा रागात त्याने तिचे शिंपले खाडीत भिरकावले. दुसऱ्या दिवशी भरल्या होडीत तिच्यासमोर स्वतःचे कान धरले.

एक कोळीण म्हणाली, "बापाने लेकीपुढे कान धरायचे?"

"चूक माझी. मग कान काय तुझे धरू?"

*

मामलेदार कचेरीतला एक कारकून घाईत होता. नेमकं त्याच दिवशी यमू म्हणाली, "नाही." दादाने वल्हं खाली ठेवलं.

कारकून पगडी सावरत तडकला. "पोरीच्या लहरीवर सरकारी काम थांबवतोस?"

"का नाही, यमूबाई?" दादाने विचारलं.

तिने कारकुनाच्या जोड्यांकडे बोट दाखवलं. त्यांच्याखालची फळी फुटून आत पाणी येत होतं.

*

दादा गेल्यापासून यमू होडीत चढली नाही. कोणाशी एक शब्द बोलली नाही. काल माझं डोकं फिरलं. दंड धरून तिला ओढलं आणि कानाखाली वाजवली. ती रडलीसुद्धा नाही.

आबा म्हणाले, "तुझ्याच्याने होणार नाही. उद्या हिला डोंबिवलीला मामाकडे पोचवतो." मामाच्या घरी पोरं वेताला पाहून पाणी पितात.

आज सकाळी होडी भरली. कारकूनही होता. आबा यमूचं गाठोडं काखेत मारून याच होडीने निघायला काठावर उभे, शेजारी यमू. मी वल्हं बगलेत धरून पाण्यात उतरलो, तिच्यासमोर गेलो आणि कान धरले.

"यमूबाई, सोडू का होडी?"

"तिला काय विचारतोस? सोड," आबा म्हणाले. ओहोटी लागली होती, उशीर झाला तर होडी गाळात रुतणार.

यमूने माझ्याकडे पाहिलं. मग होडीकडे.

"नाही," ती म्हणाली.

मी वल्हं खाली ठेवलं. कारकुनाने जोड्यांखालच्या फळीकडे पाहिलं आणि दोन्ही पाय वर घेतले.