सोप्यातला केर

आमच्या महिला मंडळाच्या अंकात मी दरवर्षी एखाद्या सहलीचं लिहिते. मागल्या वर्षी कन्याकुमारीचं लिहिलं. त्यात सूर्योदय कमी आणि बसमध्ये कोण कोण ओकलं तेच जास्त होतं, आणि बायकांना तेच आवडलं. यंदा कुठं जाऊन आलात, असं विचारल्यावर मी म्हटलं, सातारा ते विटा, कराडमार्गे. बायका हसल्या. मग कुणीतरी त्यांच्या कानात सांगितलं आणि त्या गप्प झाल्या. तरी लिहिते, कारण दुसरं काही लिहायला घेतलं की मन तिकडंच जातंय.

दिवाळी नुकतीच झाली होती. मी ब्लाउज शिवते, त्या दिवशी सकाळी हूक लावत बसले होते. समोर टीव्हीवर पूर्व किनाऱ्यावरचं वादळ दाखवत होते. रात्री ते जमिनीवर आलं होतं. नारळाची झाडं आडवी, रस्त्यावर पत्रे, गुडघाभर पाण्यातून माणसं डोक्यावर बोचकी घेऊन चाललेली. मी आमच्या मालकांना म्हटलंसुद्धा, "काय बाई हाल लोकांचे." एवढं बोलून मी पुढचा हूक घेतला. तेवढ्यात माझ्या धाकट्या बहिणीचा, सुमनचा फोन आला.

"ताई, ह्यांचा पोचल्याचा फोन न्हाई अजून."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला की ते नारळवालं गाव म्हणजे विलासरावांच्या दुकानाचं.

विलासराव म्हणजे सुमनचे यजमान. विट्याच्या पुढं त्यांचं गाव. तिकडच्या घराघरांतला एकतरी माणूस गलाईच्या धंद्यात (जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून द्यायचं काम) कुठल्या कुठं परमुलखात असतो. विलासराव आधी बरीच वर्षं रायपूरला होते, आणि अलीकडेच त्यांनी दुकान समुद्राकाठच्या एका गावात नेलं होतं. दिवाळीला आले, भाऊबीज करून परत निघाले, आणि आदल्या दिवशी दुपारी तिथं पोचायचे होते.

मालक सैन्यातून निवृत्त. ते लगेच बूट घालायला लागले, पण त्यांच्या गुडघ्यांचा भरवसा नाही, म्हणून मी एकटीच निघाले. राहिलेला चिवडा आणि चकल्या पिशवीत भरल्या. असल्या वेळी माणूस काय भरेल सांगता येत नाही.

सातारा स्टँडवर कराडची गाडी लगेच मिळाली. हायवेच्या दोन्ही बाजूंना ऊसतोड चालू होती. भाऊबीजेला विलासरावांना ओवाळायला मी याच रस्त्यानं गेले होते, तेव्हा त्यांनी मला ओवाळणीच्या ताटावरून चिडवलं होतं, "ताई, तुमच्या निरांजनात तेलापेक्षा उपदेश जास्त हाय." मी त्यांच्यापेक्षा मोठी, पण त्यांनी मला कधी मोठेपणा करू दिला नाही. उंब्रजपर्यंत मी तेच आठवत बसले.

कराडला सुमनची मुलगी प्राजू स्टँडवर उभी होती. ती तिथं इंजिनिअरिंगला आहे. हातात मोबाईल, डोळे सुजलेले. "मावशी, पप्पांचा फोन लागत नाही. दुकानात बबनकाका असतात, त्यांचाही लागत नाही." मी तिला चहा पाजला, बळंच वडापाव खायला लावला. अर्धा तिनं खाल्ला, अर्धा मी. तो तिखट होता, म्हणून दोघींच्या डोळ्यांना पाणी आलं असं आम्ही एकमेकींना दाखवलं.

विट्याची गाडी सुर्लीच्या घाटाखाली अडकली. उसाच्या ट्रॅक्टरची मागची ट्रॉली कलंडून रस्ताभर ऊस पसरला होता. पुरुष खाली उतरून मोळ्या बाजूला करू लागले. माझ्या शेजारच्या बाकावर टोपीवाले एक गृहस्थ होते, ते आभाळाकडं बघत होते. वर ढग आले होते आणि बारीक भुरभुर चालू होती.

"त्या वादळानं घात केला बघा," ते म्हणाले. "वादळ तिकडं, आन् ढग आमच्या बागंवर. आता औषध मारमारून द्राक्षं वाचतील तवा खरं."

माझं तोंड फाटकं. मी म्हणाले, "तिकडं माणसं गेलीत, आणि तुम्हाला द्राक्षं दिसतात?"

मग त्यांनी प्राजूच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "तुमचं कोन हाय का तिकडं?"

"हिचे वडील."

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. विट्याला उतरताना माझी पिशवी त्यांनी खाली घेतली. सकाळी हूक लावताना मी काय वेगळं केलं होतं, असं माझ्या मनात आलं, आणि मी त्यांना नमस्कार केला.

सुमनच्या दारात आकाशकंदील तसाच लटकत होता. सोप्यात (पुढच्या पडवीवजा खोलीत) सात-आठ बायका बसल्या होत्या. जमिनीवर शेंगांची टरफलं, चुरमुरे, चपलांची माती. सुमन तशी टापटिपीची बाई, मला ते बघवेना. मी पदर खोचला आणि कोपऱ्यातली केरसुणी उचलली.

"ताई, ठेव ती," सुमन आतून म्हणाली.

मी थांबले. गावाला गेलेलं माणूस पोचल्याशिवाय मागं घरात केर काढत नाहीत, ते आमच्या आईनंच आम्हाला शिकवलेलं. सुमन ते जरा जास्तच पाळायची, कारण विलासरावांचा पोचल्याचा फोन म्हणजे गाडीतून उतरल्याचा फोन नव्हे. दुकानाचं कुलूप काढायचं, दिवा लावायचा आणि मग घरी फोन करायचा, असा त्यांचा नेम होता. तो फोन आला की सुमन सोपा झाडायची.

"गाड्या कुठं कुठं थांबवल्यात म्हणं," ती माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली. "ते पोचलंच न्हाईत बघ. म्हणून फोन न्हाई. वाटंत कुठंतरी बसलं असतील, चा पीत."

तिच्या सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "व्हय, तसंच आसंल." मीही म्हटलं, तसंच असेल. केरसुणी जागेवर ठेवली. त्या दिवशी त्या सोप्यातला केर म्हणजे आमची आशाच होती. कुणाचा पाय टरफलावर पडून कुर्रकन वाजलं की बरं वाटायचं.

मला एक जुनी गोष्ट आठवली, आणि सुमनला हसवावं म्हणून मी ती काढली. लग्नानंतर ती रायपूरला राहिली आणि पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा तिनं सगळं घर झाडलं, आणि केर टाकायच्या आधी सुपलीत घेऊन बोटानं चाळत बसली. आई म्हणाली, अगं हरवलं काय? तर ही म्हणे, काही नाही, सवय. गलाईच्या दुकानातली धूळ कधी टाकत नाहीत, डब्यात साठवतात. त्यात सोन्याचे बारीक कण असतात. वर्षानं ती माती जाळून, धुऊन सोनं काढतात. आम्ही तिला कितीतरी वर्षं चिडवलं होतं की साताऱ्याच्या मातीत नुसती मातीच आहे. सुमन थोडीशी हसली. प्राजूही हसली. मग चिवडा वाटला, आणि बायकांनी तो खाल्लाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुमन म्हशीची धार काढत होती. प्राजू मोबाईल घेऊन पळत आली. "मम्मी, बबनकाका."

सुमननं चरवी खाली ठेवली, हात पदराला पुसले आणि फोन घेतला. कसे आहेत, कुठं आहेत, असलं काही तिनं विचारलं नाही. तिनं विचारलं, "पोचलं व्हतं का ते?"

मी जवळच होते. बबनचा आवाज मला ऐकू येत होता. तो म्हणाला, "व्हय वैनी. दुपारीच पोचलं व्हतं."

सुमननं फोन माझ्या हातात दिला. पुढचं सगळं मी ऐकलं. विलासराव पोचले, कुलूप काढलं, दिवा लावला, पण रेंज गेलेली. संध्याकाळी पोलिसांनी सगळ्यांना शाळेच्या पक्क्या इमारतीत नेलं. रात्री वादळ आलं. पत्रे उडाले, झाडं मोडली. आणि मग एकाएकी वारा पडला. अगदी पान हलेना. विलासराव उठले. दुकानाची मागची खिडकी उघडी राहिली असेल, वर्षाची साठवलेली माती उडून जाईल, म्हणाले. तिथली माणसं त्यांना सांगत होती की जाऊ नका, हे संपलेलं नाही, आता वारा उलट्या बाजूनं येईल.

"मी बी म्हणलं, दादा, ऱ्हाऊ द्या," बबन रडत होता. "तर म्हणाले, आरं गड्या, वारा पडला की वादळ संपलं. आपल्याकडं न्हाई व्हय वळीव येत?"

आपल्याकडं वळीव येतो, तासभर झोडपतो, आणि वारा पडला की संपतो. मग आपण बाहेर पडतो, उडालेले पत्रे गोळा करतो, आंबे वेचतो. जन्मभर त्यांनी तेच पाहिलं होतं. मी असते तर मीसुद्धा बाहेर पडले असते, आणि तुम्हीसुद्धा. वारा परत आला तेव्हा ते दुकानात होते. भिंत आत पडली.

त्या घरातलं रडणं मी लिहिणार नाही. सासूबाईंचं तर नाहीच.

बबन आणि विलासरावांचे त्या बाजूलाच असणारे एक चुलतभाऊ, दोघांनी तिकडंच सगळं उरकलं. रस्ते बंद होते, माणूस आणणं शक्य नव्हतं. ते अस्थी घेऊन आले. शेजारच्या घरांतून पिठलं-भाकरी येत होती, लोक येत होते, जात होते. मी भांडी घासली, म्हशीचं बघितलं, येणाऱ्याला पाणी दिलं. आतलं घर झाडून-पुसून घेतलं, अंगण सारवलं. सोप्याला मात्र सुमननं कुणाला हात लावू दिला नाही. भावकीतली एक बाई केरसुणी घेऊन उठली, तर तिला म्हणाली, "पोचल्याचा फोन आला न्हाई अजून."

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. मला सुमनचा राग आला, आणि त्या बायकांचाही आला. मी त्या बाईच्या हातातून केरसुणी काढून घेतली आणि म्हणाले, "राहू दे. तिचं घर आहे."

दहाव्याला कराडला जायचं होतं, संगमावर. मी तिथूनच साताऱ्याला जाणार होते, तेराव्याला परत यायचंच होतं. सुमन घरी राहिली. निघताना तिनं माझ्या पिशवीत भाकरी बांधून दिली आणि दारात उभी राहून म्हणाली, "पोचलीस की फोन कर."

कृष्णा आणि कोयना समोरासमोरून येऊन भेटतात ते ठिकाण मी पूर्वी एकदा सहलीत पाहिलं होतं. तेव्हा आम्ही तिथं भेळ खाल्ली होती. पाणी त्या दिवशीही तसंच संथ होतं. प्राजूनं अस्थी सोडल्या. मुलीनं का, असं कुणीतरी पुटपुटलं, पण बबननंच तिच्या हातात कलश दिला होता. पाणी पुढं गेलं आणि ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून उभी राहिली.

परतीच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली. ढग गेले होते, ऊन पडलं होतं. त्या टोपीवाल्या गृहस्थांची द्राक्षं वाचली असतील, असं वाटलं, आणि वाचावीत असंही वाटलं. टीव्हीवर आता दुसऱ्याच बातम्या असतील. दुसऱ्या कुणाचे हाल दाखवत असतील आणि कुणीतरी हूक लावत बघत असेल. हे असंच चालणार, पण मला यापुढं तसं नुसतं बघत बसता येणार नाही.

साताऱ्याला घरी आले. मालकांनी पाणी दिलं. मी चप्पल काढायच्या आधी सुमनला फोन लावला.

"पोचले गं."

तिच्या मागं म्हैस ओरडत होती.

"बरं झालं," ती म्हणाली. मग विचारलं, "ताई, झाडू का गं आता सोपा?"

"झाड," मी म्हटलं.

"झाडते. पर टाकणार न्हाई. डब्यात ठिवते."

"ठेव," मी म्हटलं.