गोधडीत शिवलेला कागद

आमच्या निवाऱ्यात बेघर माणूस आणला की पहिल्या तासातच सगळं उरकायचं. केस कापा, आंघोळ घाला, अंगावरच्या-काखोटीतल्या चिंध्या मागच्या अंगणात नेऊन पेटवा. उवा नकोत, खरूज नको. आधी एक फोटो, नंतर एक फोटो. दोन्ही शेजारी लावले की आमचे साहेब खूश! समाजकार्याची पदवी घेऊन मी नवीनच लागले होते. मलाही ते फार शहाणपणाचं वाटायचं. आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

वर्ध्याच्या बसस्टँडवर एक म्हातारी जाड गोधडी मांडीखाली घेऊन बसायची. आमच्या गाडीत बसायला काही केल्या तयार होईना. "मले सोमवारी पंचायत समितीत जाच हाय बाई, माही तारीख हाय," एवढंच धरून बसली. असं काहीबाही सगळेच बडबडतात, मी म्हटलं. फॉर्मवर 'मानसिक स्थिती' असा रकाना होता. त्यात मी ऐटीत लिहिलं, 'असंबद्ध बोलते.' काय तारीख आहे, कसली आहे, एवढं विचारायला माझी जीभ झिजली असती का? पण फॉर्मवर तो प्रश्नच नव्हता ना!

शेवटी तिला उचलूनच निवाऱ्यात आणलं. न्हाऊन बाहेर आली तेव्हा तिचे केस कापलेले होते. अंगणात धूर पाहिला आणि ती तशीच ओल्या लुगड्यानं धावली. हातानंच निखारे उपसायला लागली. मी तिला मागं ओढलं, म्हटलं, "आजी, नवीन ब्लँकेट देते ना."

"अवं, वाटणीपत्र होतं त्याच्यात! दोन खोल्या हायत माह्या. काऊन पेटवली व माय?"

मग हळूहळू सगळं कळलं. पवनारच्या पुढचं तिचं गाव. नवरा वारल्यावर पंचांनी दिराला बसवून स्टॅम्पपेपरवर त्याचा अंगठा घेतला होता, दोन खोल्या हिच्या म्हणून. नंतर दिरानं त्याच खोल्यांना कुलूप घातलं आणि हिला हाकललं. म्हणून तिनं पंचायत समितीत अर्ज केला होता, त्याचीच सोमवारची तारीख. स्टँडवर पिशव्या चोरीला जातात, म्हणून तिनं तो कागद प्लास्टिकमध्ये गुंडाळून गोधडीत शिवला होता. दुसरी प्रत नव्हती. पंचांपैकी दोघं वारलेले, उरलेल्यांना काहीच आठवत नव्हतं. दिराच्या घरचा चहा पिऊन कोणाला आठवतं!

साहेबांना सांगितलं, आपण जाळलं असं लेटरहेडवर लिहून देऊ. ते उसळलेच. "डोकं फिरलं का तुमचं? संस्थेचं नाव मातीत घालता? तिला छप्पर दिलं ना आपण, अजून काय पाह्यजे? आणि तोंड उघडायचं असेल तर दुसरी नोकरी बघून ठेवा."

सोमवारी मी तिला घेऊन गेले. दीर पांढराशुभ्र सदरा घालून समोर बसलेला. "कुठं हाय कागद? दाखव ना वहिनी," म्हणाला, आणि हसला. मेल्याला लाज नव्हती.

म्हातारी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "या बाईले विचारा. यायनंच जाळला."

अधिकारी माझ्याकडे वळले. "मॅडम, होता का कागद?"

मी म्हटलं, "मी पाह्यला नाही."

खोटं नव्हतं ते. गोधडी उसवून बघितलीच कुठं होती आम्ही! अधिकाऱ्यांनी दिराच्या बाजूनं लिहिलं, घर त्याच्या नावावर झालं. बेघर म्हणून आम्ही जिला उचललं, ती त्या दिवसापर्यंत बेघर नव्हती.

परतताना आम्ही ऑटोत बसलो. नालवाडी आल्यावर ती म्हणाली, "होता म्हटलं असतं, त तुह्यं काय गेलं असतं?"

नोकरी गेली असती, आजी. तेवढीच. मी ती वाचवली.