अकोल्याची भिंत आणि माझं सिमेंट

१. एप्रिलअखेर अकोल्यातल्या आम्ही भाड्याने दिलेल्या खोलीच्या भिंतीला उभी भेग पडली. रुंदी अर्धा इंच. आतून बाहेरचा उजेड दिसत होता.

२. मे महिन्यात दोन दिवसांची रजा काढून मी अमरावतीहून गेले आणि भेग सिमेंटने भरून घेतली.

३. ऑगस्टमध्ये तीच भिंत दीड इंच बाहेर फुगली. दाराची चौकट तिरकी झाली. दार लागेना.

४. चूक माझी.

आपला ड्राफ्ट्समनचा वर्ग सुटून तीन वर्षं झाली तरी ही वही टपालाने आपल्या सहा जणींत फिरते आहे. एरवी मी तिच्यात चार ओळींच्या वर लिहीत नाही, हे तुम्ही मला ऐकवलं आहेच. या वेळी जास्त लिहिते, कारण काम आहे.

परवा रविवारी सकाळच्या मोटारीने अकोल्याला गेले. भाडेकरू शेवंतामावशी आणि संपतकाका, दोघंही कापसाच्या जिनमध्ये कामाला. सोबत काकांची म्हातारी आई. दार दोरीने बांधून ठेवलेलं होतं... आत शिरायला आधी गाठ सोडावी लागली.

मी पिशवीतून ओळंबा काढला, भिंतीला लावला, आकडे लिहून घेतले. मावशी चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "आल्या इंजिनेरबाई. आता भिंतीची नाडी पाहून राहिल्या."

मी नकाशे काढणारी ड्राफ्ट्समन आहे, इंजिनिअर नाही, हे त्यांना दहा वेळा सांगितलंय. त्या ऐकत नाहीत.

भिंत आज पडणार नाही, टेकू दिला आहे. पण दिवाळीनंतर सात फुटांचा तुकडा उतरवून, पाया खोल नेऊन, चुन्यात पुन्हा उचलावा लागेल. खर्च माझ्या चार महिन्यांच्या पगाराएवढा. बाबा रेल्वेतून निवृत्त झाले, डोळ्यांनी कमी दिसतं, म्हणून ही खोली त्यांनी माझ्यावर सोपवली... आणि पहिल्याच वर्षी मी हे करून ठेवलं. दुरुस्तीसाठी भाड्यातला काही भाग दरमहा बाजूला ठेवायचा असतो, हे मला आता कळलं.

खर्चाचं मी बघेन. अडचण वेगळी होती. काम चालू असताना तीन आठवडे खोली रिकामी हवी. मी तसं सांगितलं.

मावशींनी कपबशी खाली ठेवली. "आमी नाई जात."

"तीनच आठवडे, मावशी."

"तीन दिवस असो का तीन आठवडे. खोली पाहाले तर जाच लागते ना. तुया बापानं ही खोली देल्ली त्याच्या आंधी सात दारं पायली आमी. खोली खाली हाय म्हनत, मंग आडनाव इचारत, मंग म्हनत पाव्हने येनार हायेत." त्या शांतपणे बोलत होत्या. "दार नसलं तरी चालते मले. दोरी हाय."

बाबांनी ही खोली कशासाठी बांधली ते मला माहीत आहे. धम्मदीक्षेच्या आधीही आणि नंतरही आमच्या घराने तेच ऐकलेलं आहे...

मग विषय बदलायचा म्हणून विचारलं, की भेग दरवर्षी पडायची का.

"दरसालची हाय ते. कायी माती उन्हायात फाटते, भेग उघडते. पानी पडलं का माती फुगते, भेग मिटते. मी चार महिने गोधडी टांगतो तिच्यावर."

वर्गात काळ्या मातीवर एक पूर्ण धडा होता. मला त्यात चांगले गुण होते. भेग मिटायला जागा लागते आणि ती जागा मी दगडासारखी बुजवून टाकली, हे समजायला मला दोन मिनिटंही लागली नाहीत. फक्त तीन महिने उशिरा.

"मग मे महिन्यात काहून नाही सांगितलं?" मी विचारलं. रागावले की माझीही भाषा घरची होते.

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. "कसं सांगू, पोरी? दोन दिवस उनात उभी होती तू. गवंड्याच्या हातातून थापी घेऊन सोता भरून राहिली होती. जेवाले बोलावलं तं आली नाई. आपल्या लेकीनं पयलं काम केलं, त्याले नाव ठेवलं नाई जात."

काका बाहेरून म्हणाले, "म्या म्हनलं होतं इले, सांगून टाक. तं मलेच चूप बसवलं."

ज्या खोलीशिवाय त्यांना दुसरी खोली नाही, तिची भिंत त्यांनी माझं मन राखायला जाऊ दिली... मला असं कुणी केलेलं आवडत नाही. मी ते त्यांना सांगितलंही. चहा मात्र दुसरा कप घेतला, आणि जेवूनच निघाले.

निघताना कबूल केलं, की खोली शोधायला त्यांनी एकही दार वाजवायचं नाही. ते मी करीन.

म्हणून तुम्हाला विचारते. तुमच्यापैकी तिघींचे नातलग अकोल्यात आहेत. जिनपासून चालत जाता येईल अशी एक खोली हवी, दिवाळीनंतर तीन आठवडे. माणसं तीन. भाडं मी देईन. त्यांचं आडनाव समासात लिहिलं आहे; घरमालकाला ते आधीच सांगा, आणि ते ऐकूनही तो हो म्हणाला तरच मला लिहा. वही फिरून येण्याची वाट पाहू नका... वीस तारखेपर्यंत पोस्टकार्ड मिळावं.